जुन्या ऑफिस-डेस्कटॉपमध्ये गेमिंगचं कार्ड: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मशीन भाच्याचं. ऑफिसातून निघालेला तयार टॉवर, त्याच्याकडे तीन वर्षं आहे. आय५-४५९०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ ची एकच पट्टी, १ टीबी हार्डडिस्क आणि डिस्प्ले प्रोसेसरच्या आतल्या एचडी ४६०० ग्राफिक्सवर. जीटीए ५ हा गेम सगळी सेटिंग खाली ओढून ७२० च्या रिझोल्यूशनवर कसाबसा चालतो. फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या गेमचं नाव काढायची सोय नाही. त्याची मागणी एका वाक्याची: "मामा, १०८० वर ६० फ्रेम, बस." (फ्रेम म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं.)

आज फक्त उघडलं आणि मोजलं. आधी फडक्याने धूळ काढावी लागली, एसएमपीएसचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) लेबलसुद्धा दिसत नव्हतं.

लेबलवर २८० वॉट. बोर्डाला जाणारा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नाही, ८ पिनांचा आहे. म्हणजे एसएमपीएस बदलायचा तर बाजारातला कुठलाही आणून लावता येणार नाही, मधे कन्व्हर्टर लागेल. ग्राफिक्स कार्डाची ६ किंवा ८ पिनांची वायर एकही नाही. म्हणून कार्ड जे काही घेईल ते स्लॉटमधूनच घेणार, आणि स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो.

मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने मोजलं, २१५ मिलिमीटर. डायरीत लिहिलं. स्लॉटखाली बोर्डावर काय काय उभं आहे ते मात्र पाहिलं नाही. याचे पैसे पुढे मोजलेत.

५ नोव्हेंबर

तीन संध्याकाळी कार्ड निवडण्यात गेल्या. यादी लहानच होती.

जीटीएक्स १०५० टीआय: ७५ वॉट, ४ जीबी, सेकंडहँड मुबलक. पण त्या पिढीचे नवे गेम-ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट. आज घेऊन आजच जुनं. काट मारली.

इंटेल आर्क: रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर कामगिरी चांगलीच घसरते, आणि हा बोर्ड त्या आधीच्या काळातला. काट.

जीटीएक्स १६५०: ७५ वॉट, ४ जीबी. काही मॉडेलांना ६ पिनांची वायर लागते, काहींना नाही, म्हणून फोटो बघून घ्यावं लागतं. नवं मिळेना आणि सेकंडहँडला मी बिचकलो.

आरएक्स ६४००: ५३ वॉट, ४ जीबी, एका स्लॉटचं बुटकं कार्ड, नवंकोरं, वॉरंटीसकट. मागवलं.

वॉट पाहिले, लांबी पाहिली, मेमरी पाहिली. स्पेसिफिकेशनमध्ये "पीसीआय एक्सप्रेस ४.० x४" असं लिहिलेलं डोळ्यांखालून गेलं आणि मी मनाशी म्हटलं, जुन्या स्लॉटमध्येही बसतं की. बसतं, हे खरंच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

कार्ड बसवायला सहा मिनिटं. पडदा काळा.

पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही आला, चित्र मात्र नाही. केबल बदलली, मॉनिटर बदलला, कार्ड काढून पुन्हा बसवलं, रॅम काढून पुन्हा बसवली. (केबल मदरबोर्डाच्या पोर्टात आहे का, हेही पाहिलं. हसू नका, ती चूक भाच्याने नंतर खरंच केली.) दुपार अशीच गेली.

शेवटी कार्ड काढून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरलो. बूट मोड लेगसी, म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत. मनात आलं, कार्डाला नवी पद्धत, यूईएफआय, हवी असेल. मोड बदलला, कार्ड बसवलं आणि कंपनीचा लोगो झळकला. पाठोपाठ पांढऱ्या अक्षरांत निरोप: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

कारण विंडोज एमबीआर पद्धतीच्या (विभागांची नोंद जुन्या तऱ्हेने ठेवणाऱ्या) डिस्कवर, लेगसीत टाकलेलं. यूईएफआयला नवी जीपीटी पद्धत लागते. चित्र हवं तर विंडोज नाही, विंडोज हवं तर चित्र नाही.

१० नोव्हेंबर

विंडोज नव्याने टाकायची गरज पडली नाही. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड असते, डेटा न पुसता डिस्क बदलून देते. क्रम असा ठेवा: आधी भाच्याचे फोटो आणि कॉलेजच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर, मग कार्ड काढून जुन्या डिस्प्लेवर लेगसीत मशीन सुरू, मग कमांड, मग बायोसमध्ये यूईएफआय, आणि सगळ्यात शेवटी कार्ड.

माझी कमांड तपासणीतच आपटली. तिला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, आमच्याकडे चार. चौथं म्हणजे मशीनबरोबर आलेलं रिकव्हरीचं पार्टिशन, ज्यातून आता काहीच रिकव्हर होण्यासारखं नव्हतं. उडवलं. पुढचं काम दोन मिनिटांत.

रात्री साडेअकराला चित्रही आलं, विंडोजही आलं. भाच्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "फ्रेम किती?"

१५ आणि १६ नोव्हेंबर

फ्रेम. जीटीए ५ च्या आतच बेंचमार्क आहे, तो चालवला: १०८० वर मध्यम ते हाय सेटिंग, सरासरी पन्नाशीच्या पुढे. पोरगा खूश. फोर्झा मध्यमवर लावला तर सरासरी ३५ च्या आसपास. पण सरासरी सोडा. गाडी सरळ रस्त्यावर छान पळते, वस्तीत शिरली की अर्धा सेकंद गोठते, पुन्हा पळते, पुन्हा गोठते. बघणाऱ्याचं डोकं दुखेल असं.

पहिला संशय हार्डडिस्कवर. जुन्या लॅपटॉपची २४० जीबीची एसएसडी घरात पडून होती, ती लावली. एच८१ वर डिस्क जोडायचे साटा पोर्ट सगळे सारखे नसतात: दोन ६ गिगाबिटचे, बाकीचे ३ चे. बोर्डावर त्यांचे रंग वेगळे होते, वेगवान पोर्ट बघूनच लावली. गेम तिकडे हलवला. लोडिंग निम्म्यावर आलं, गोठणं तसंच.

दुसरा संशय ड्रायव्हरवर. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून पुसणारं सॉफ्टवेअर) सगळं पुसलं, ड्रायव्हर नव्याने टाकला. फरक शून्य. तिसरा संशय तापमानावर. कार्ड ६८ अंशांच्या वर जातच नव्हतं.

शनिवार-रविवार दोन्ही गेले. तीन दिशांना धावलो आणि ज्या खिडकीत उत्तर होतं ती उघडलीच नाही.

१८ नोव्हेंबर

टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) पानावर खाली दोन आलेख असतात, डेडिकेटेड मेमरी (कार्डावरची) आणि शेअर्ड मेमरी (रॅममधून उसनी घेतलेली). दुसऱ्या मॉनिटरवर ते पान उघडं ठेवून फोर्झा चालवला. डेडिकेटेड मेमरी ४ जीबीला टेकली की शेअर्ड वर चढायला लागते, आणि ती चढली की गेम गोठतो. दर वेळी.

मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. बस इंटरफेसच्या रकान्यात: x४ ४.० @ x४ २.०.

आता सगळं जुळलं. कार्डावरची मेमरी भरली की उरलेलं टेक्स्चर रॅममध्ये जातं आणि तिथून स्लॉटमार्गे ये-जा करतं. या कार्डाला मार्गिका (स्लॉटमधून डेटा नेणाऱ्या वाटा, x४ मधला ४) चारच. नव्या बोर्डावर, स्लॉटच्या ४.० आवृत्तीवर, त्या चार मार्गिका सेकंदाला सुमारे ८ जीबी वाहतात. माझी समजूत होती की आपल्याकडे ३.० आहे, म्हणजे सुमारे ४ जीबी, चालून जाईल. आय५-४५९० स्वतः ३.० देऊ शकतो, पण एच८१ चिपसेटवर तो स्लॉट २.० लाच अडकवलेला असतो. चार मार्गिका गुणिले ५०० एमबी, म्हणजे २ जीबी. आठ पदरी रस्त्यासाठी बांधलेली वाहतूक दोन पदरी पुलावर.

कार्डात खोट नाही. नव्या बोर्डात ते आपलं काम करेल. मी वॉट बघून घेतलं आणि मार्गिका बघितल्या नाहीत. तुमचा बोर्ड एच८१ असेल, किंवा त्याहून जुना, तर चार मार्गिकांचं कार्ड घेऊ नका. आठवाल्याचाही दोनदा विचार करा. सोळा मार्गिकांचं कार्ड २.० वरही ८ जीबी पुढे नेतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

कार्ड परत. विक्रेत्याने घेतलं, पण खोकं उघडलेलं म्हणून काही रक्कम कापली, वर पाठवणीचा खर्च माझा.

काढताना आणखी एक मोडतोड. स्लॉटच्या टोकाला पांढरी प्लॅस्टिकची खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. बुटकं कार्ड, खाली अंधार, बोट पोचेना. मी कार्ड जरा हलवून वर ओढलं. बारीकसा "टक" आवाज. खिट्टी एसएमपीएसच्या दिशेला उडाली आणि दहा मिनिटं शोधल्यावर पंख्याखाली सापडली. स्लॉट शाबूत आहे, तेवढं नशीब. आता कार्ड फक्त मागच्या स्क्रूवर टिकणार. लांब प्लॅस्टिकची पट्टी किंवा पेन्सिलीचं मागचं टोक घ्या, खिट्टी खाली दाबा, मग ओढा.

याच आठवड्यात मोह झाला होता. जीटीएक्स १६६० सुपर, १२५ वॉट, ६ जीबी, सोळा मार्गिका. सेकंडहँडचा भाव बरा होता. वायर नाही? साटाच्या पॉवर वायरीतून ६ पिना काढून देणारा जोड मिळतो, तोही स्वस्तात आणून ठेवला. तो हातात घेतल्यावरच शंका आली, वायरी दोऱ्यासारख्या. हिशोब मांडला: साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॉट. आणि ६ पिनांचा कनेक्टर कार्डाला ७५ वॉट देणं अपेक्षित आहे. म्हणजे प्लॅस्टिक वितळायचा कार्यक्रम. त्यात या कार्डाला ८ पिनांची वायर हवी, जिचा अंदाज १५० वॉटचा. जोड खणात गेला.

रीतसर करायचं तर नवा एसएमपीएस, २४ ते ८ पिनांचा कन्व्हर्टर आणि कार्ड. बेरीज अख्ख्या मशीनच्या आजच्या भावापेक्षा जास्त झाली. शिवाय हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा गेल्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढ्यावर चाललंय. अशा घरात फार महाग झुंबर टांगू नये. पुन्हा १६५० वर आलो, बिनवायरीच्या.

३० नोव्हेंबर, रविवार

सेकंडहँड जीटीएक्स १६५०. विकणाऱ्याकडे त्याच्याच मशीनवर वीस मिनिटं चालवून पाहिलं. मी पाहिलेल्या गोष्टी: वरच्या कडेला ६ पिनांचं सॉकेट नाही. स्क्रूंच्या खाचा घासलेल्या नाहीत. पंखा हाताने फिरवल्यावर खरखरत नाही. जीपीयू-झेडमध्ये ८९६ कोअर. हे शेवटचं सोडू नका, कारण जीटीएस ४५० सारख्या जुनाट कार्डाचा बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवण्याचे प्रकार झालेले आहेत. विंडोज तेच खोटं नाव दाखवतं, जीपीयू-झेड बहुतेक वेळा नावापुढे "फेक" लिहून मोकळं होतं.

घरी आणलं. लांबी २०० च्या आत, म्हणजे २१५ मध्ये बसणार. बसेना.

कार्ड दोन स्लॉट जाडीचं. स्लॉटच्या पुढच्या टोकाखाली दोन साटा पोर्ट बोर्डातून सरळ वर उभे आहेत, आणि त्यात घातलेल्या केबलींची डोकी कार्डाच्या पंख्याच्या आवरणाला भिडतात. कार्ड एका बाजूने बसतं, दुसऱ्या बाजूने तीन मिलिमीटर वर राहतं. जोर लावला असता तर पोर्ट मुळापासून उखडला असता. पहिल्या दिवशी पट्टी आडवी धरली होती, उभी धरायचं सुचलं नव्हतं.

काटकोनात वळलेल्या डोक्याच्या साटा केबली मागवल्या. चार दिवस मशीन उघडं. केबल घेताना डोकं कुठल्या बाजूला वळतं ते बघा. माझी एक उलट्या बाजूला वळणारी निघाली, तिला लांबच्या पोर्टात हलवावं लागलं.

४ डिसेंबर

बसलं. आधीच्या कार्डाचा ड्रायव्हर इंटरनेट बंद ठेवून डीडीयूने पुसला, नाहीतर विंडोज मधेच आपल्या मनाचा काहीतरी टाकतं. यूईएफआयचं काम आधीच झालेलं, त्यामुळे चित्र पहिल्या फटक्यात.

जीपीयू-झेडमध्ये x१६ ३.० @ x१६ १.१ दिसलं आणि पोटात गोळा आला. मग कळलं, कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट लावली, आकडा २.० वर गेला. तेच हवं होतं.

फोर्झा, त्याच सेटिंगवर: सरासरी ५२, आणि वस्तीत गोठणं गायब. अधूनमधून बारीक अडखळतो, पण ती भानगड वेगळी दिसते. जीटीए ५ सत्तरीच्या जवळ.

६ डिसेंबर, शनिवार

झाकण उघडं असताना ७२ अंश. झाकण लावून अर्धा तास खेळल्यावर ८३, आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत. कॅबिनेटला आत हवा ओढणारा पंखाच नाही. प्रोसेसरचा एक आणि मागे एक, एवढंच. ऑफिसच्या कामाला ते पुरेसं होतं.

पुढच्या जाळीमागे १२० मिलिमीटरच्या पंख्याची जागा आहे, भोकंसुद्धा पाडलेली. बोर्डावर मोकळं हेडर (पंख्याची वायर लावायची जागा) नाही, म्हणून साटाच्या पॉवरमधून पंखा चालवणारा जोड घेतला. हो, साटाचाच. पंखा पाव अँपिअरही खात नाही, इथे तो जोड निर्धास्त वापरा. वेग कमीजास्त होत नाही, सतत एकाच वेगाने फिरतो. म्हणून मुद्दाम हळू फिरणारा निवडला.

झाकण लावून: ७४. मीटरवर भिंतीतून ओढलेली वीज खेळताना १६० ते १७० वॉट. २८० च्या एसएमपीएसला घाम फुटत नाहीये.

१४ डिसेंबर, रविवार

बारीक अडखळण्याचं कारण शोधलं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावले. गेम अडखळतो तेव्हा जीपीयू ७० टक्क्यांवर आरामात आणि प्रोसेसरचे चारही कोअर १०० वर. म्हणजे आता कार्ड प्रोसेसरची वाट बघतंय. फोर्झा कमीत कमी आय५-४४६० मागतो, आपण उंबरठ्याच्या जेमतेम आत.

प्रोसेसर बदलण्याआधी स्वस्तातला उपाय: रॅमची दुसरी पट्टी. एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरला दाणापाणी अर्धंच. त्याच वेगाची, १६०० ची, ८ जीबीची सेकंडहँड पट्टी आणली. बसवल्यावर मशीनने तीनदा "बीप" केलं आणि गप्प. पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने घासले, दोन्ही टोकं "खट्" वाजेपर्यंत दाबली. मघाशी एकच टोक वाजलं होतं.

फोर्झाची सरासरी ५२ वरून ५८. त्याहून महत्त्वाचं, १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमांचा वेग) ३१ वरून ४४. हातात कंट्रोलर घेतल्यावर जाणवतो तो हा दुसरा आकडा. ही पट्टी मी पहिल्याच दिवशी आणायला हवी होती, कार्डाच्याही आधी.

२१ डिसेंबर

हिशोब. चालू कार्डाची किंमत १०० धरली तर रॅम १४, पंखा आणि जोड ७, साटा केबली ४, पहिल्या कार्डाच्या परतीत बुडालेले १९, खणात पडलेला ६ पिनांचा जोड २. एकूण १४६, त्यातले २१ सरळ पाण्यात.

वेळ: हाताचं काम सगळं मिळून सहा-सात तास. काळा पडदा, गोठणं आणि चुकीच्या दिशा यांत चार पूर्ण दिवस.

भाचा आता म्हणतो, आय७-४७९० याच सॉकेटात बसतो, वॉटही तेवढेच, ८४. बरोबर आहे त्याचं, चार कोअर तेच पण थ्रेड आठ. बायोसच्या यादीत तो आहे का ते मी अजून बघितलेलं नाही. त्याला म्हटलं, परीक्षा होऊ दे. गेल्या रविवारी त्याने मॉनिटरची केबल काढून परत लावली ती मदरबोर्डाच्या पोर्टात, आणि मला फोन केला: "मामा, कार्ड मेलं."